नऊ लिटर पाणी आणि एक खिंड

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळ आमचा फ्लेक्स लागला. आठ फूट बाय सहा फूट. त्यावर आम्ही तिघं, मागे बर्फाचं एक शिखर आणि खाली ठळक अक्षरांत ‘हिमालय मोहीम यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्या वेळी आम्ही समोरच्या दुकानात मोजे घेत होतो.

फ्लेक्स लावणारा आमच्यातलाच एक. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे, शिवाय सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं एक मंडळ आहे, आणि त्या मंडळाला बारा महिने कुणाचं तरी अभिनंदन करायचं असतं.

‘अरे, गाडीत बसायच्या आधीच अभिनंदन?’ मी विचारलं.

‘मग काय बे? आधी शुभेच्छांचा एक, मग अभिनंदनाचा एक, दोन फ्लेक्स कशाला? पोचणार तर हावच की.’

‘आणि हे शिखर कुठलं? आपण तळी बघायला चाललोय.’

‘तळ्याचा फोटो लावला असता तर लोकांना आपलं हिप्परग्याचं तळं वाटलं असतं.’

आमचा तिसरा मित्र मात्र मोज्यांची पिशवी हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिला. संगणकावर कुणीतरी त्याला काळा गॉगल चढवला होता. ‘आता जावंच लागतंय,’ तो म्हणाला.

हा तिसरा मित्र म्हणजे आमचा चावीवाला. आम्ही तिघं एका बाकावर शिकलो. पुढं मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो, टॉवेलवाला वडिलांच्या मागांवर बसला आणि याला पाणी सोडायची नोकरी मिळाली. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खांद्याएवढी उंच चावी आत घालायची आणि फिरवायची. हे त्यानं तीस वर्षं केलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी गल्लीत सणाची धांदल असते. पिंप, कळशा, बादल्या, पातेली भरून झाली की बायका चहाची किटली भरतात, मग वाट्या. अशा गावात चावी हातात असलेल्या माणसाला काय मान असेल, ते सांगायला नको. नगरसेवकाला लोक नमस्कार करत. याला घरात बोलावून चहा देत.

पाण्याच्या टाकीखालच्या त्याच्या खोलीत एक कॅलेंडर होतं. तारखांची पानं केव्हाच फाटून गेली होती, पण वरचं चित्र त्यानं ठेवलं होतं. निळं तळं, पलीकडे बर्फ, काठावर एक घोडा. वीस वर्षं तो त्या चित्रासमोर डबा खात होता. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर शाल, नारळ आणि तीन भाषणं झाली. एका भाषणात त्याला ‘भगीरथ’ म्हटलं गेलं. तो घरी आला आणि आम्हा दोघांना फोन करून म्हणाला, ‘ते तळं बघायचंय. जिवंतपणी.’

मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की कॅलेंडरवरची तळी बहुधा स्वित्झर्लंडची असतात. टॉवेलवाल्यानं चित्राचा फोटो काढून चार ठिकाणी पाठवला. एका सहल नेणाऱ्यानं कळवलं, काश्मीरच्या डोंगरात असं एक आहे, चार दिवसांची चाल, वाटेत दोन तळी, मग एक उंच खिंड, आणि खिंडीपलीकडे हे तिसरं. ‘हेच’ असं तो म्हणाला नव्हता. ‘असंच’ म्हणाला होता. चावीवाल्यानं ‘हेच’ वाचलं.

सोलापूर सपाट आहे. चढायचा सराव कुठं करायचा, हा प्रश्न चावीवाल्यानंच सोडवला. जुन्या ओळखीवर आम्ही महिनाभर रोज सकाळी पाण्याच्या टाकीचा जिना चढलो-उतरलो. सर्वांत आधी दम चावीवाल्यालाच लागायचा. वरच्या कठड्याला टेकून तो म्हणायचा, ‘चावी खाली असती रे. वर चढायचं काम आमचं नव्हतं.’ डॉक्टरनं मात्र त्याला तपासून खुशाल जा म्हणून लिहून दिलं होतं.

रेल्वेप्रवासाचं वर्णन करत नाही. तासाभरावरचं कुर्डुवाडी स्टेशन यायच्या आत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा पहिला डबा संपला, एवढं पुरे. दिल्ली, मग विमान, मग जीप, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका हिरव्या उतारावर पाठीला पिशव्या अडकवून उभे होतो. मी एकसष्टाव्या वर्षात होतो आणि शाळेची सहल निघाल्यासारखा पिशवीचे पट्टे पुन्हा पुन्हा तपासत होतो.

आमचा वाटाड्या चाळिशीचा, दाढीवाला, मोजकं बोलणारा. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान दोन घोडेवाल्यांच्या घोड्यांवर होतं, एक पुढं जायचा, एक आमच्या मागं यायचा. आमच्याही पिशव्या घोड्यावर टाकाव्यात असं त्यानं सुचवलं, पण टॉवेलवाला उसळला. ‘घोड्यावर सामान टाकून मोहीम कशी व्हतीया? फ्लेक्सवर काय लिवलंय?’ मग वाटाड्यानं एकच गोष्ट नीट समजावली. चालीच्या तिसऱ्या दिवशी अकराच्या आत खिंडीच्या माथ्यावर पोचायचं. दुपारनंतर वर हवा फिरते, वारा आणि गारा. जो अकरापर्यंत पोचणार नाही, तो मागच्या घोडेवाल्याबरोबर आल्या वाटेनं परत. ‘इसमें बहस नहीं,’ तो म्हणाला.

चावीवाल्यानं मान डोलवली. ‘टायमिंग म्हंजे टायमिंग. बराबर हाय त्याचं.’

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की बराबर असलं तरी ते त्याला जड जाणार. आम्ही बऱ्यापैकी चालत होतो. तो मात्र दर पन्नास पावलांना थांबत होता, पट्ट्यांत अंगठे अडकवून, तोंड उघडं ठेवून. वाटाड्यानं त्याची पिशवी घोड्यावर घेतो म्हणून हात पुढं केला, तर यानं ती छातीशी धरली. ‘राहू दे मालक, माझं मी घेतो.’ सोलापुरात भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे मालकच असतात. वाटाड्याला हा शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून तो आम्हालाही मालक म्हणू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूतून डोकं बाहेर काढलं, तर चावीवाला उगवत्या सूर्यासमोर उभा राहून बाटलीनं पाण्याची धार सोडत होता. जपून, बारीक धार, पिवळ्या रानफुलांच्या एका ताटव्यावर. आयुष्यात कधी देवळात न गेलेला माणूस अर्घ्य देतोय, असं वाटून मी डोकं आत घेतलं. हिमालयात लोकांना काहीही होतं, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं.

त्या दुपारी पहिलं तळं आलं.

तळ्याबद्दल मी आधी भरपूर वाचून ठेवलं होतं आणि प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांच्या ‘अवर्णनीय’ या शब्दाचा मला राग आहे. अवर्णनीय असेल तर लिहू नये. तर वर्णन करतो. चढ संपला आणि समोर जमीनच निळी झाली. शाईसारखी निळी नाही, मोरपिसासारखी नाही. आमच्याकडे रंगाच्या हौदातून सूत बाहेर काढतात तेव्हा पहिल्या क्षणी, सुकायच्या आधी, जो ओला निळा दिसतो, तो. ही उपमा माझी नाही. टॉवेलवाला ओरडला, ‘अरे, हौद हाय हा! आख्खा हौद!’ आणि त्यानं पाठीवरची पिशवी फेकून घरच्या तेलुगूत त्याच्या आईला हाक मारली. आई सोलापुरात होती. मीही काहीतरी ओरडलो. काय, ते आठवत नाही. ग्रंथालयात पस्तीस वर्षं न ओरडल्याचं सगळं एकदम बाहेर आलं असावं. समोरच्या कड्यानं ते सगळं परत केलं. आम्ही पुन्हा ओरडलो. साठी ओलांडलेली दोन माणसं पंधरा मिनिटं एका डोंगराशी भांडत होती आणि लांबवर मेंढ्या माना वर करून बघत होत्या.

पाण्यात पाय घातला तो मिनिटभरही टिकला नाही. टॉवेलवाला म्हणाला तो पाच मिनिटं ठेवेल, आणि चाळीस आकडे मोजून नाचत बाहेर आला. तासाभरानं वरच्या अंगाला दुसरं तळं दिसलं, हिरव्याकडे झुकणारं, त्यात अख्खा डोंगर उलटा. आम्ही पळत सुटलो, म्हणजे त्या उंचीवर जेवढं पळता येतं तेवढं.

चावीवाला दोन्ही तळ्यांवर सर्वांत शेवटी आला. त्याला आनंद झाला नाही असं नाही. काठावर उकिडवा बसून तो पाण्याकडे बघत राहिला. पण म्हणाला एवढंच, ‘चित्रातलं हे न्हाई. ते पलीकडं हाय.’ आणि उद्याच्या खिंडीकडे बघितलं. खिंड म्हणजे आकाशाला टेकलेली दगडगोट्यांची एक घसरगुंडी होती.

संध्याकाळी चहा घेताना टॉवेलवाल्यानं त्याला हसवायला नोकरीत त्याला यायचे त्या फोनांची नक्कल करून दाखवली. बाईच्या आवाजात, म्हाताऱ्याच्या आवाजात. ‘मालक, आजून धा मिनटं सोडा की, पोरीचं लगीन हाय.’ ‘मालक, आमच्या गल्लीत नळाचं बूच उघडून बसलोय, लई उपकार व्हतील.’ वाटाड्याला मी हिंदीत समजावून सांगितलं. तो पोट धरून हसला आणि चावीवाल्याला विचारलं, ‘दिए कभी? दस मिनट?’

‘कधीच न्हाई,’ चावीवाला म्हणाला. एकदम गंभीर. ‘एका गल्लीला धा मिनटं जास्ती, म्हंजे दुसऱ्या गल्लीला धा मिनटं कमी. ती गल्ली मला फोन करत नव्हती, एवढंच.’

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. न्यायावर याहून चांगलं वाक्य ऐकल्याचं आठवत नाही. वाटाड्यालाही ते भाषांतर करून सांगितलं. तो हसायचा थांबला.

तिसऱ्या दिवशी सहाला निघालो. साडेनऊला आम्ही खिंडीच्या शेवटच्या, सर्वांत उभ्या चढाखाली होतो आणि चावीवाला एका दगडावर बसला होता. ओठ पांढरे, दोन्ही हात गुडघ्यांवर. वर बघतही नव्हता. ‘तुमी जावा,’ तो म्हणाला. ‘मी ह्या घोडेवाल्यासंगं जातो.’

‘गप बे,’ टॉवेलवाला म्हणाला. ‘फ्लेक्स लागलाय.’

‘गॉगल घातलाय त्यो मी न्हाईच.’

वाटाड्या पुढं आला आणि त्यानं चावीवाल्याच्या पाठीवरून पिशवी उतरवली. उतरवताना तो स्वतःच एका बाजूला कलला. ‘या खुदा. इसमें पत्थर हैं क्या?’

मला वाटलं, भाकरी असणार. बायकोनं महिनाभराची शिदोरी दिली असेल. वाटाड्यानं चेन उघडली. आत दोन-दोन लिटरच्या थंड पेयाच्या जुन्या बाटल्या, दोन. मग तळाशी चादरीत नीट गुंडाळलेला पाच लिटरचा एक कॅन. सगळं काठोकाठ भरलेलं. झाकणांना प्लॅस्टिकचा कागद लावून वर रबर.

आमच्यापासून वीस पावलांवर ओढा वाहत होता. गेल्या तीन दिवसांत आम्ही पाण्याच्या आवाजाबाहेर एकदाही गेलो नव्हतो.

‘हे काय रे?’ मी विचारलं.

‘पाणी,’ चावीवाला म्हणाला.

‘ते दिसतंय. कशाला?’

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की हा प्रश्न सोलापूरचा माणूस विचारूच कसा शकतो. ‘वर गेल्यावर नसलं तर? भरलेलं बरं असतं.’

आणि मग मला त्या अर्घ्याचा उलगडा झाला. तो रोज सकाळी कालचं शिळं पाणी फुलांना घालत होता आणि ओढ्यावर जाऊन ताजं भरत होता. घरी पाणी आलं की जे करतो, तेच. सांडायचं नाही, झाडाला घालायचं, आणि नवं भरायचं. नऊ लिटर पाणी पाठीवर घेऊन तो पाण्याच्या डोंगरात तीन दिवस चालत होता.

टॉवेलवाला दगडावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वाटाड्यानं त्याच्याकडे बघितलं आणि संशयानं त्याची पिशवी उघडली. चार लिटर. त्याच्या बाटल्या चांगल्या, स्टीलच्या होत्या, एवढाच फरक. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी हसण्याच्या बेतात होतो तो थांबलो. पुस्तकं वाचणारा माणूस म्हणून मी विचारपूर्वक, फक्त तीन लिटर आणलं होतं.

वाटाड्यानं आकाशाकडे बघितलं. काश्मिरीत तो जे बोलला ते भाषांतर करण्यासारखं नसावं. मग घड्याळ बघून म्हणाला, ‘फेंको. जल्दी.’ मी माझी ओतली. टॉवेलवाल्यानं ओतली, जरा डोळे मिटून. वाटाड्यानं कॅनचं झाकण उघडलं आणि तो तिरपा केला, आणि चावीवाल्यानं बसल्या जागेवरून त्याचा हात धरला.

‘जमिनीवर न्हाई.’

‘मालक, टाइम नहीं है.’

‘जमिनीवर ओतायचं न्हाई. म्या ते बघू शकणार न्हाई.’ हे मराठीत होतं, पण वाटाड्याला कळलं. घोड्याला पाजावं म्हटलं, तर घोडा ओढ्यात गुडघाभर उभा होता आणि त्यानं तोंड फिरवलं. शेवटी चावीवाला उठला. एकेक बाटली, मग कॅन, असं तीन खेपांत ओढ्यापर्यंत नेऊन त्यानं सगळं पाणी ओढ्यात सोडलं. घाई न करता. शेवटचा थेंब झटकून. त्यात जी मिनिटं गेली ती आमच्या तिघांच्याही चेहऱ्यावर दिसत होती, आणि तो परत आला तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते. मोकळी पिशवी त्यानं पाठीला लावली आणि दचकला. ‘लई हलकी हाय की रे.’

मग तो चढला. मी त्याच्या मागे होतो, म्हणून सांगू शकतो. दगड पायाखालून सरकत होते, दोन पावलं वर, एक खाली. वारा कानात शिट्ट्या घालत होता. तो आता दर पन्नास पावलांना थांबत नव्हता. शंभराला थांबत होता आणि थांबल्यावर माझ्याकडे वळून हसत होता. कुठल्याशा वळणावर त्यानं मला विचारलं, ‘टाकीच्या किती पायऱ्या झाल्या असतील?’ मी म्हणालो, दहा टाक्या झाल्या. पुढच्या शंभर पावलांनंतर त्यानं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा दहाच म्हणालो. त्याच्या ते लक्षात आलं असणार, तरी तो पुढची पावलं टाकू लागला. वरून टॉवेलवाला ओरडत होता, ‘ये की बे! दिसतंय! मला दिसतंय!’ काय दिसतंय ते सांगत नव्हता.

माथा वीस पावलांवर आला, तेव्हा चावीवाला थांबला. वाटाड्या वर कमरेवर हात ठेवून उभा होता.

‘किती वाजले?’ चावीवाल्यानं विचारलं.

मी घड्याळ बघितलं आणि खोटं बोलायचं ठरवलं. पण टॉवेलवाला नको तिथं प्रामाणिक आहे. ‘अकरा वाजून चार मिनटं,’ तो म्हणाला.

चावीवाला तिथंच उभा राहिला. वीस पावलं. पलीकडचं त्याला अजून काहीच दिसत नव्हतं. ‘मग झालं,’ तो म्हणाला. ‘टायमिंग म्हंजे टायमिंग.’ आणि तो खरोखर वळला. तीस वर्षं ज्यानं कुणाला दहा मिनिटं दिली नाहीत, तो स्वतःला देणार नव्हता.

वाटाड्यानं आभाळ बघितलं. चारी बाजूंना, सावकाश. स्वच्छ होतं. मग त्यानं खाली हात केला.

‘यहाँ दूसरी गली नहीं है, मालक,’ तो म्हणाला. ‘दस मिनट लो.’

चावीवाल्याला हे समजायला दोन क्षण लागले. मग तो वळून चढू लागला, आणि शेवटची वीस पावलं त्यानं थांबून थांबून नाही, एका दमात घेतली.

पलीकडे तळं होतं. चित्रातलं होतं का? नव्हतं. चित्रात घोडा डावीकडे होता आणि डोंगर दोन होते. इथे डोंगर मोजायची सोयच नव्हती, आणि पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते, आणि काठानं जांभळी, पिवळी, लाल फुलं दरीच्या टोकापर्यंत गेली होती. मी काही बोलायच्या आत चावीवाला म्हणाला, ‘हे त्याच्यापेक्षा मोठं हाय.’ आणि मग त्यानं ती गोष्ट केली जी आम्ही आदल्या दिवशी केली होती. दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला. डोंगरानं परत केलं. तो पुन्हा ओरडला. वाटाड्याही ओरडला. आम्ही चौघंही.

खाली उतरल्यावर त्यानं जेवण बाजूला ठेवून तळ्याला अर्धी फेरी मारली. पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, ते त्याला बघायचं होतं. परत येऊन त्यानं हातवारे करत सांगितलं, तीन ठिकाणांहून आत येतंय, एका ठिकाणाहून बाहेर. ‘आणि मधी कायबी न्हाई. झाकण न्हाई, काय न्हाई. आपलं सारखं चालूच.’ हे त्यानं संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं. वाटाड्यालाही सांगितलं, ज्याचा जन्म तिथं गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकं बाहेर काढलं. फुलांपाशी कुणी नव्हतं. चावीवाला तंबूत पालथा झोपला होता, आणि त्याचा कॅन बाहेर आडवा, रिकामा पडला होता.

‘आज भरायचं न्हाई का?’ टॉवेलवाल्यानं त्याला ढोसलं.

‘उद्याबी हितंच असतंय की,’ तो डोळे न उघडता म्हणाला.

असं वाक्य आमच्या शहरात आजवर कुणी उच्चारलं नसेल. मोठा क्षण होता, आणि मोठ्या क्षणांवर माझा विश्वास नसल्यामुळे मी चहाला गेलो. परत आलो तर चावीवाला उठला होता आणि ओढ्याकाठी बसून एक बाटली भरत होता. लहान, अर्ध्या लिटरची. मग इकडेतिकडे बघून त्यानं दुसरी काढली.

मी आल्या पावली मागं फिरलो. माझी बाटली उजाडायच्या आतच भरून झाली होती.